रिकामं भांडं परत जात नाही

शनिवार, दुपार
कॉटर्स बेंड

प्रिय ग्लेनी,

तुझं काचेचं भांडं परत पाठवतेय. तळाला चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात ‘ग्लेंडा ऑस्टरमन’ लिहिलंय, ते अजून शाबूत आहे. गेल्या ऑक्टोबरात आमच्या लेकीला, रोझॅनला मातीत ठेवून रे आणि मी घरी आलो, तेव्हा चर्चच्या बायकांनी माझं स्वयंपाकघर भरून टाकलं होतं. तू यातून चिकन आणि भात भाजून आणला होतास, वर खारी बिस्किटं कुस्करून घातलेला. रेने चार घास खाल्ले, मी तेवढेही नाही. बाकी सगळ्यांची भांडी मी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत ज्याची त्याला पोचवली. तुझं राहिलं. राहिलं कसलं, मीच ठेवून घेतलं. आईने आपल्याला शिकवलं होतं ना, दुखवट्याच्या घरातून भांडं रिकामं परत जात नाही, निदान मूठभर पेकनचे दाणे तरी टाकायचे. तुझ्या भांड्यात काय टाकावं ते मला इतके महिने सुचत नव्हतं.

इकडचं सांगायचं तर पीच यंदा उशिरा आले आणि आले ते एकदम. सकाळपासून मुरंबा आटवतेय, हात चिकट आहेत, कागदावर डाग दिसले तर समजून घे. रेचा गुडघा बरा आहे. तो दिवसभर व्हरांड्यात बसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या पिकअप गाड्या मोजतो. रोझॅनचा कुत्रा अजून साडेतीनला, ती शाळेतून यायची त्या वेळी, फाटकाशी जाऊन बसतो, त्याला कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

शाळेतल्या त्या दिवसावरचा तुमचा अहवाल मिळाला. टपालाने आला, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य. सूर्य कुणाच्या डोक्यातून निघाला गं? तुझ्या की डॉक्टर बीमरच्या? अधीक्षक म्हणून त्याने या तालुक्याच्या तिन्ही शाळा इतकी वर्षं चालवल्या, एवढा सूर्य तर त्याला शोभतोच. त्या शहरातून आलेल्या सल्लागारांना मीही भेटले होते. सगळ्यांचे शर्ट एकाच निळ्या रंगाचे. त्यातला एक माझ्या सोफ्यावर बसून माझा केक खात म्हणाला, ‘मॅडम, आम्ही इथे कुणाला दोष द्यायला आलेलो नाही.’ मी म्हटलं, मग कशाला आलात बाबा, केक खायला? तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय.

अख्खा अहवाल मी वाचला, ग्लेनी. शाळा मंडळाची अध्यक्ष तू आहेस, तूही वाचला असशील असं धरून चालते, निदान सहीच्या पानापर्यंत तरी. ‘संवादातील उणिवा’ आहेत म्हणे. ‘यंत्रणांमधील समन्वय’ कमी पडला म्हणे. कुणाचं नाव नाही, गाव नाही, सगळं आपोआप घडलं, जसं काही वादळच आलं होतं. अख्ख्या अहवालात हाडामांसाच्या माणसाने केलेली चूक एकच सापडते, आणि ती अशी: ‘कक्ष क्रमांक चौदाचे दार संबंधित शिक्षिकेने सुरक्षित केलेले नव्हते.’ संबंधित शिक्षिका! जिच्या बारशाचा झगा तू स्वतःच्या हाताने शिवलास, जिला सायकल तू शिकवलीस, ती संबंधित शिक्षिका. सही करताना पेन अडखळलं का गं? नसेल अडखळलं. तुझं अक्षर पहिल्यापासून सुरेख.

आणि केलंत काय, तर पोरांना आरपार दिसणारी दप्तरं दिलीत. शाळेपुढे गाड्या अडवायला सिमेंटचे गोळे बसवलेत आणि त्यांना फुटबॉल संघाचा केशरी रंग फासलात. एक कुत्रा आणलात, अंगात जाकीट घातलेला, मुलांनी त्याला कुरवाळलं की त्यांची भीती जाते म्हणतात. कुत्र्यावर माझा राग नाही. तिथे नोकरीला असलेल्यांत एकटा तोच पोरांच्या उंचीवर येऊन बसतो. पाण्याच्या टाकीवर ‘कॉटर्स बेंड खंबीर आहे’ असा फलक लावलात. कोण खंबीर आहे? बीमर आहे, त्याचा करार वाढवून दिलात. मागच्या आठवड्यात किराण्याच्या दुकानात भेटला तेव्हा दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, ‘व्हर्ना, आपण सगळे एकत्र सावरतोय.’ त्याच्या सामानाच्या ढकलगाडीत टरबूज होतं. ते उचलून त्याच्या पायावर टाकावं असं मनात आलं, पण टरबुजाची दया आली.

कुणी हत्यार घेऊन शिरलं तर दारं लावून लपायचा तुमचा सराव तुला आठवतो? सराव कसला, जत्रा. महिन्याचा दुसरा मंगळवार, आधीच्या आठवड्यात पालकांना चिठ्ठी, सकाळी घंटेआधी बीमरची सूचना: ‘आज कुलूपबंदीचा सराव आहे, सर्व शिक्षकांनी आपापली दारं आताच कुलूप लावून ठेवावीत.’ किल्ली आधीच फिरवलेली, म्हणजे दार मिटलं की आपोआप लागणार; तोवर ते उघडं राहावं म्हणून खाली लाकडी पाचर. मग दहा वाजता भोंग्यावर घोषणा झाली की पाचरीला लाथ मारायची, दार धाडकन बंद, दिवे बंद, पोरं कोपऱ्यात. साहेब हातात घड्याळ घेऊन कॉरिडॉरमधून कड्या खडखडवत फिरणार. सगळ्यांत झटपट वर्गाला डोनट आणि ढाल. ढालही तू दिलेलीस. तुझ्या हँकला बाटल्या पाडायच्या बोलिंगमध्ये मिळालेली, वरती चेंडू टाकायला वाकलेला सोनेरी माणूस. हँक गेल्यावर घरात अडगळ झाली होती, ती शाळेला दिलीस आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आणलास.

आणि बुधवारी? बुधवारी सगळी दारं पुन्हा सताड उघडी. कारण पोरं शौचालयातून परत आली की दार ठोठावतात आणि धड्यात व्यत्यय येतो, हा बीमरचाच नियम. म्हणजे जे कुलूप लावायचं शिकायचं, ते लावण्याचा सराव त्या शाळेत कुणी कधी केलाच नाही. सराव केला लाकडी पाचरीला लाथ मारण्याचा. राज्याचे तपासनीस येऊन शाबासकी देऊन गेले, कारण तेही सांगूनच आले होते. तुमच्या अहवालाच्या शेवटी ती शाबासकी छापली आहे. लाजा वाटायला हव्या होत्या, पण त्या बहुधा सल्लागारांच्या कामात धरलेल्या नव्हत्या.

रोझॅनने तुला सांगितलं होतं. हे मी आजवर लिहिलं नाही, बोलले नाही, रेलाही नाही. ते घडण्याआधीच्या थँक्सगिव्हिंगला, माझ्याच टेबलावर. तू बटाटे वाढून घेत होतीस. ती म्हणाली, ‘मावशी, एकदा तरी न सांगता सराव घ्या ना. ते कुलूप बाहेरच्या बाजूला आहे. आतून लागतच नाही. किल्ली घेऊन मला कॉरिडॉरमध्ये जावं लागतं, दार बाहेर उघडतं, ते ओढायचं, किल्ली फिरवायची, मग पुन्हा उघडून आत यायचं. मी रिकाम्या वर्गात करून पाहिलंय. किल्ली अडकते.’ तू म्हणालीस, ‘अगं, न सांगता केलं तर पोरं घाबरतील, आणि मग आयांचे फोन मला येतात, तुला नाही.’ ती म्हणाली, ‘मग निदान कुलपं तरी बदला.’ तू म्हणालीस, ‘बीमरला विचारते हं. ती ग्रेव्ही इकडे दे.’ मी ग्रेव्ही पुढे केली. नंतर तू विचारलंस का त्याला? मला खरंच माहीत नाही. विचारलं असशील आणि त्याने हात झटकले असतील, तर त्याचा करार वाढवताना तुझा हात वर कसा गेला? आणि विचारलंच नसशील, तर देवच तुझं भलं करो.

बंदूक घेऊन आलेल्याचं नाव आम्ही या घरात घेत नाही. त्याच्यावरचा राग सोपा आहे, मी रोज सकाळी उठते तेव्हा तो तयारच असतो. तुमच्यावरच्या रागाला मात्र जागा मिळत नाही, कारण तुम्ही सगळे मला मिठ्या मारता. घडलं ते मला मारिसोलने सांगितलं, रोझॅनच्या वर्गातली, खांद्याला गोळी लागलेली. तिच्या आईने तिला स्वतःहून माझ्याकडे आणलं. आम्ही मागच्या पायरीवर बसून पीच खाल्ले आणि तिने सगळं एका दमात सांगितलं. भोंगा वाजला. मिसने दाराखाली पाहिलं, पाचर नव्हती, कारण तो मंगळवार नव्हता. मिसने गळ्यातली किल्ली काढली आणि म्हणाली, ‘कोपऱ्यात जा, मी आलेच.’ पाण्याच्या नळाशी दुसऱ्या वर्गातली दोन पोरं होती, त्यांना आत ढकललं. मग दार ओढून घेतलं आणि किल्लीचा आवाज आला. खडखड, खडखड. मारिसोल म्हणाली, ‘किल्लीचा आवाज खूप वेळ येत होता.’ कुलूप लागलंच नाही. त्या वर्गातली चार पोरं गेली. रोझॅन बाहेर दारापाशीच सापडली. तुमच्या निळ्या शर्टवाल्यांनी मारिसोलचं म्हणणं एका ओळीत निकालात काढलं: ‘बालसाक्षीदार मानसिक धक्क्यात असल्याने विश्वासार्हता मर्यादित.’ आठ वर्षांची पोर शब्द न शब्द सांगते ती अविश्वसनीय, आणि तिथे पाऊल न टाकलेला बीमर विश्वासार्ह!

परवा तुझा फोन आला. किती गोड बोललीस. नव्या इमारतीच्या प्रवेशकमानीला ‘रोझॅन टिबेट’ हे नाव द्यायचं मंडळाने ठरवलंय, दगडात कोरून, सोमवारच्या सभेत मंजूर होईल. मी ‘बरं’ म्हटलं. मग हळूच आवाज उतरवून म्हणालीस, ‘फक्त एवढंच, व्हर्ना, सभेत त्या दिवसाचा विषय तू काढू नकोस. वकिलांचं म्हणणं आहे. अहवाल झालाय, आता जखम पुन्हा उकरायला नको.’ कुणाची जखम, ग्लेनी? माझी उघडीच आहे, ती कुणाला उकरावी लागत नाही. म्हणजे कमानीवर रोझॅन शूर, आणि अहवालात रोझॅन निष्काळजी. दगड आम्हाला आणि कागद वकिलांना. पोरीच्या नावाने माझ्या तोंडाला पानं पुसायला निघालीस आणि वर म्हणालीस, ‘हे मी तुझ्यासाठी भांडून मिळवलंय.’ लहानपणी माझी बाहुली मोडलीस की तिच्यावर रिबीन बांधून मला भेट द्यायचीस. तेव्हा मी तुला माफ करायचे, कारण तू रडायचीस.

आता हे पत्र का लिहिलं ते. भांड्यात पीचच्या मुरंब्याची बाटली आहे, तिच्या खाली रुमालात बघ. रोझॅनची किल्ली आहे. पोलिसांनी तिच्या वस्तूंबरोबर परत दिली, घड्याळ, चष्मा, आणि ती बोलिंगची ढालसुद्धा, सप्टेंबरात तिच्याच वर्गाने जिंकली होती ना. ढाल भांड्यात मावली नाही, नाहीतर तीही पाठवली असती. किल्ली थोडी वाकली आहे, ती कुलपात असतानाच वाकली. पण लागेल. बीमरने काटकसर म्हणून तिन्ही शाळांच्या दारांना एकच किल्ली केली होती, आणि तुमची सोमवारची सभा सहावी ते आठवीच्या मधल्या शाळेच्या वाचनालयात आहे, जिथे आजही तेच कुलूप आहे, बाहेरच्या बाजूला. मी जाऊन पाहून आले. गुरुवारी शाळा उघडते आणि तुझी नात पायपर त्याच इमारतीत सहावीला बसणार आहे. बोलायला मला तीन मिनिटं मिळतात, नाव नोंदवलंय. मी काहीच बोलणार नाही, वकिलांना सांग, निर्धास्त राहा. माझी तीन मिनिटं मी तुला देणार. सगळ्यांसमोर खुर्चीवरून ऊठ, ही किल्ली घे आणि वाचनालयाचं दार आतून लावून दाखव. लागलं तर अहवालातलं ‘संबंधित शिक्षिके’चं तुझं वाक्य खरं, मी माझ्या हाताने त्या कमानीची फीत कापीन. नाही लागलं तर ते वाक्य तिथल्या तिथे खोड, बीमरसमोर, आणि गुरुवारच्या आत कुलपं बदलून घे, कमान नको. दार लावायचं तर तुला बाहेर यावं लागेल, ग्लेनी. ये. घाबरू नकोस. मी कॉरिडॉरमध्येच उभी असेन, रोझॅन उभी होती तशी.

अजून तरी तुझीच,
व्हर्ना