सही तुझी, हात माझा

प्रिय मारेन,

मंगळवारी गॅरेटचा फोन आला तेव्हा मी ओव्हनमधून बटाट्याचं भांडं काढत होते. "आई, सायलसला आत्ता खोलीत परत आणलं. डायपर उघडलं तर आत रक्ताळलेली पट्टी. त्याची सुंता केली त्यांनी. कुणाला विचारून?" एवढं बोलून तो रडायलाच लागला. माझा थोराड पोरगा, बापाच्या आजारपणातही न रडलेला. मी भांडं ओट्यावर टेकवलं.

थँक्सगिव्हिंगचं जेवण आठवतं ना, सायलस तुझ्या पोटात असतानाचं? माझा भाऊ रॉय म्हणाला होता, "पोरगं बापासारखं दिसायला नको? शाळेत कपडे बदलताना चिडवतील त्याला." त्यावर तू म्हणालीस, "नाक बापावर गेलं तरी पुरे, रॉय. बाकीचं तो मोठा झाल्यावर ठरवेल." सगळे हसले, गॅरेटसुद्धा. मी मात्र टर्कीची हाडं उचलायचं निमित्त करून आत गेले. एकतीस वर्षं मी प्रसूतिकक्षात नर्स होते. सुंतेच्या त्या प्लॅस्टिकच्या पाटावर किती बाळांचे पाय मी पट्ट्यांनी बांधले, साखरपाण्यात बुडवलेलं बोट किती तोंडांत दिलं, याचा हिशेब नाही. आयांना सांगायचे, "दोन मिनिटांचं काम. त्याला कळणारही नाही." कळायचं गं. म्हणून तर आम्ही दार लावून घ्यायचो. तुझं खरं मानलं, तर इतकी वर्षं मी काय करत होते? गॅरेटलाही मीच त्या दारापर्यंत नेलं होतं.

सोमवारी हॉस्पिटलच्या कागदांचा गठ्ठा आला तेव्हा अठरा तासांच्या कळा सोसून तुझे डोळे मिटत होते. गॅरेट गाडीतून पाळणा आणायला खाली गेला होता. "दे, मी पानं उलटते," मी म्हटलं. जन्मभर केलेलं काम. डाव्या हाताने पान दाबायचं, उजव्या बोटाने रेघ दाखवायची. इथे सही कर, आता इथे. एकदा तू विचारलंस, "हे कशाचं?" मी म्हणाले, "नेहमीचंच. सगळ्या बाळांचं असतं."

गॅरेटने सुंतेच्या संमतीचा तो फॉर्म तुझ्यासमोर धरला आणि तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही, हे तू काल फोनवर सांगितलंस. "माझीच सही आहे, डार्लीन. न वाचता केली. मी कसली आई?" आणि मी निर्लज्जासारखी म्हणाले, "बाळंतपणात होतं असं." फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली.

सवयीने झालं, असं मी चार दिवस स्वतःला समजावत होते. पण सवयीने मी पानाची कड दाबायचे. त्या एका पानावर माझा तळवा मथळ्यावर होता. मथळा मी वाचला होता, मारेन. वाचला आणि झाकला. तुझी काहीही चूक नाही. हे पत्र आजच गॅरेटच्या हातात दे. तो मला दारात उभं करणार नाही, सायलसला हात लावू देणार नाही, ते मला मान्य आहे. वर लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं आहे, आणि मगच खाली सही करते आहे.

तुझीच,
डार्लीन