आंतोनमामाच्या फळ्यावरचा एक नंबर

१४ एप्रिल २००२, रविवार

आज सकाळी साडेदहा वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे — मी आंतोनमामाच्या कॅसेटच्या दुकानातल्या फळ्यावर पाचवा नंबर लिहीत होतो आणि घड्याळ समोरच होतं.

रूपाली आली. यमुनाबाईची रूपाली. जिच्याकडे बघता बघता मी धक्क्यावर दोनदा सायकलवरून पडलोय, ती! पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. वाडीतल्या बायकांनी कोल्हापूरला जाऊन रेकॉर्डिंग करून आणलंय. शंभर कॉप्या. पहिलं गाणं तिचं — ‘मीठ सरला’.

"ठेवतलंस काय दुकानात?" मला विचारलं! आंतोनमामाला नाही, मला!

मी म्हटलं, ठेवतो. एवढंच. एवढी बडबड करणारा मी, आणि एक शब्द!

बाबा म्हणतात, कॉलेज अर्ध्यात सोडून खडू घासत बसलास. घासतो! सर भर वर्गात "मासेवाल्यांची पोरं, तुमची आवड ती काय" म्हणाले, मी वही टेबलावर आपटून बाहेर पडलो. त्याचं अजून वाईट वाटत नाही. आणि फळा म्हणजे पोरखेळ नाही. देवगडात या आठवड्यात कुठलं गाणं एक नंबर, हे एसटीचा कंडक्टरसुद्धा इथेच वाचतो. कॅसेट घेताना गिऱ्हाईक ज्या गाण्याचं नाव घेतं, त्याला एक मत. दर रविवारी दहा गाणी.

मामाच्या कपाटात एकसष्ट सालापासूनच्या वह्या आहेत. रेडिओ सिलोनवर दर बुधवारी गाण्यांची क्रमवारी लागायची, ती तो पोरवयापासून उतरवून घ्यायचा. कोण किती आठवडे वर, कोण कधी घसरलं. अख्ख्या देशाची आवड, निळ्या शाईत! माझा फळा त्याच वह्यांचा नातू.

१५ एप्रिल

‘मीठ सरला’ अकरा वेळा ऐकलं. बारावं चालू आहे. नवरा होडीवर, बायको किनाऱ्यावरून सांगते — घरातलं मीठ संपलं, येताना दर्याच घेऊन ये. बास! यापुढे कोणी काय लिहायचं?

२१ एप्रिल, रविवार

सकाळी लिहिलं. एक नंबर — ‘मीठ सरला’. गुलाबी खडूने, वर फूल काढून.

अकराला ती आली. मला वाटलं, हसेल.

"किती खपली?"

"चार."

"आनी दोन नंबराचा?"

"तेवीस."

"मगे माजा वर कसा?"

तिने तळहाताने फळा पुसला. फुलासकट. "माका भीक घालतंस? फुकटचो नंबर नको माका. खऱ्यान इलो त्या दिवशी मी स्वता येवन लिवतलंय. तवसर वर चढयलंस तर बग!"

गुलाबी हात घेऊन गेली!

मामा सगळं बघत होता. एकाहत्तर सालची वही काढली, एका पानावर नुसती खाडाखोड. "ह्या गाणा माज्या एस्पेरांसाक आवडायचा," बायकोचं नाव त्याने किती वर्षांनी घेतलं. "ता घसरला, तरी दोन आठवडे वहीत वरच ठेवलंय. माजीच वही, वाचतलो कोण? पण त्या पानार अजून बोट ठेवक होणा नाय. वर कोणय चढयता, पुता. उतरवताना हात थरथरता."

२२ एप्रिल

राजीनामा लिहिला. फाडला. परत लिहिला. फाडला.

२८ एप्रिल, रविवार

नववा नंबर. खरा. पांढऱ्या खडूने. ती आली नाही.

३ मे

मूर्ख! मी महामूर्ख!

गुरुदास तांडेल आला, ट्रॉलरवाला. हातात ‘मीठ सरला’ची कॅसेट, फीत बाहेर लोंबतेय. "दुसरी दी रे. झिजली ही. बाई आता बाप्यासारकी गाता."

"पंधरा दिवसांत झिजली?"

"आट खलाशी, आनी टेप एकच. बंद खंय करतत! आमच्यावरसून नऊ होड्यांनी भरून घेतली ती येगळीच."

नऊ! आणि माझ्या फळ्यावर त्या सगळ्यांचं मिळून एक मत! मच्छीमारांच्या गावात बसून मी फक्त घरी टेप असलेल्यांची आवड मोजत होतो. मग त्या सरांत आणि माझ्यात फरक काय?

५ मे, रविवार

मामाशी तासभर भांडण. बंदरात शिरताना प्रत्येक होडी कर्ण्यावर गाणं लावते, आवाजावरून घरच्यांना कळावं, आपली आली. तेच मोजायचं! शनिवारी, एक होडी एक मत. दुकानातली मतं धरून बेरीज.

"नियम बदलतंस तो तिच्यासाटी."

"होड्यांसाठी!"

"मगे मोजतलो कोण? तू न्हय."

शेवटी नाव त्यानेच काढलं — यमुनाबाई. रूपालीची आई! लिलावाला रोज धक्क्यावर असते. मी कपाळाला हात लावला. पोरीचं गाणं गावभर वाजलेलं तिला खपत नाही, आणि मी तर त्याहून खपत नाही. मामा हसला. "म्हणानच. ती एक जादा मोजूची नाय."

तिला लिहिता येत नाही. पोरीच्या गाण्याला एक शिंपला, सध्या एक नंबरवर असलेल्या सिनेमाच्या गाण्याला एक खडा. कबूल झाली. माझी जिरवायला मिळेल म्हणूनच असणार!

१२ मे, रविवार

जिंकलो!!!

यमुनाबाई टोपली घेऊन थेट आत शिरली आणि काउंटरवर उपडी केली. खवले, वाळू, सगळं. खडे आठ. शिंपले एकोणीस! "मोजून घे, मेल्या. मागसून म्हणशीत, म्हातारीन खोटा मोजल्यान."

दुकानातले मिळवून अठ्ठावीस. सिनेमाचं तेवीस. मी तीनदा बेरीज केली, मामाने दोनदा.

मागोमाग रूपाली. हात पुढे केला. खडू दिला, पांढरा. तिने लिहिलं. एवढा जोर लावून, की खडू मोडला. समोरच्या स्टँडवर कोणीतरी शिट्टी मारली, मग ड्रायव्हरने एसटीचा हॉर्नच धरून ठेवला! तीन महिने मला कॉलेज-पळ्या म्हणणारा चहावाला फुकट चहा घेऊन आला.

"नाचतंस कित्याक रे?" यमुनाबाई ओरडली. "माजे बांगडे उनात आसत!"

मोडलेल्या खडूचा अर्धा तुकडा रूपालीने माझ्या हातात ठेवला. खिशात आहे.

१९ मे, रविवार

दुसरा आठवडा वर! बावीस शिंपले! आंब्याच्या ट्रकांनी पण नेलंय, तळेऱ्याच्या नाक्यावर वाजतंय म्हणे. आणि बाबा दाढी करताना गुणगुणत होते. मी बघितल्यावर खोकले.

आज लग्नाचं विचारलंच तिला — तुज्या आवशीक विचारूक येव?

"बगूया."

बगूया म्हणजे काय! आईला विचारायला यायचं की नाही?

२६ मे, रविवार

मामा चर्चमध्ये मिस्साला गेलाय. यमुनाबाई टोपली ठेवून गेली.

शिंपले अकरा. खडे सतरा.

दुकानातले मिळवले. तरी खालीच. दुकानात मी एकटा. सहा-सात खडे मुठीत घेतले. खिडकीबाहेर समुद्र, एक फेक, कोणाला कळणार? मग एकाहत्तर सालचं ते पान आठवलं.

खडे परत ठेवले. फळा पुसला. एक — सिनेमाचं. दोन — ‘मीठ सरला’. खिशातल्या अर्ध्या खडूनेच लिहिलं. अक्षर वाकडं आलं. पण लिहिलं.

२६ मे, दुपारी बारा

ती दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. फळा वरून खालपर्यंत वाचला. परत वाचला.

"आता ये," म्हणाली. "आवस घराक आसा."

पुढे चालायलाही लागली! वही ठेवतो. दार ओढून घेतो. चाललो.