निळं दार

थोरल्या,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण हात धजत नाही. तू काल टीव्ही पाहिलास का, एवढंच विचारायचंय.

तुझी पोर रॅप करत होती. टोपणनावाने, तोंडाला रुमाल बांधून. पण आवाज तुझ्यावर गेलाय, खणखणीत. एरवी तिच्या गाण्यात असला ढणढणाट असतो की शब्द देवालाही कळू नयेत. मीच म्हटलं, "बये, ते पत्रे बडवणं थांबव, काय बोलतेस ते तरी कळू दे." माझं मेलीचं ऐकलं तिने. साधी गिटार, पेटी, हलक्या हाताचा तबलजी, एवढेच घेतले. शब्द न् शब्द कळला. 'शिंप्याच्या दुकानावर आमचं निळं दार', हेसुद्धा. गावाचं नाव निवेदिकेने आधीच सांगितलं होतं.

सूनबाईच्या हातातला कप निसटला. तू तिचा हात मोडलास, तेव्हापासून सहा वर्षं आम्ही तिघी लपून आहोत.

"आई, त्यांनी ऐकलं असेल?"

"त्याने कधी बायकांचं ऐकलंय?" मी म्हटलं. ती हसली नाही.

सकाळी दार तपकिरी रंगवलं. कडेने निळा डोकावतोच आहे.

हे पत्र टाकणार नाही. तू पाहिलं नसशील, तर मीच कळवल्यासारखं होईल. आलास तर जिन्यावर तुझं पाऊल मी ओळखेन. चालायला मीच शिकवलं तुला. पण दारातून हलणार नाही.

जन्म दिला म्हणून तुझी,
आई