कीटकगृहाला मिळालेले 'कीडमुक्त' प्रमाणपत्र

प्रति,
मा. अधीक्षक,
स्वच्छता विभाग, उद्यान कार्यालय.

विषय : उद्याची फवारणी कीटकगृहात न करणेबाबत.
संदर्भ : आपण आमच्या दारावर लावलेले 'कीडमुक्त कक्ष' हे प्रमाणपत्र.

महोदय,

अर्जदार आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर भुंगे वाढवतो. रस्त्याकडेची झाडे आतून पोखरणाऱ्या खोडकिड्याला या भुंग्यांच्या अळ्या चिकटतात आणि खाऊन संपवतात. मात्र भुंग्यांच्या पोटापाण्यासाठी खोडकिडे आणायचे तर झाडेच फोडावी लागतील. म्हणून पिठात पडतात तसल्या अळ्या कोंड्यात वाढवून बदली खाद्य म्हणून दिल्या जातात. भुंग्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

अर्जदार रजेवर असताना आपल्या भांडारपालांना कोंड्यात अळ्या दिसल्या. त्यांनी तत्परतेने सगळा कोंडा चाळला, अळ्या फेकल्या आणि भुंग्यांच्या बरण्या धुऊन पालथ्या घातल्या. इतका स्वच्छ कोंडा अर्जदाराने उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. भांडारपाल मनाने चांगले आहेत. त्यांनी हे सर्व इतक्या कौतुकाने दाखवले, की अर्जदाराने त्यांचे आभारच मानले. प्रमाणपत्र त्यानंतरचे.

एक बरणी तेवढी वाचली, कारण ती अर्जदाराने रजेत घरी नेली होती. पत्नीने पहिल्याच दिवशी बजावले, "या घरात एक तर हे राहतील, नाहीतर मी." बरणी गॅलरीत गेली. थंडी पडली तशी तिनेच ती आत आणली. परवा अळ्या घालायला उशीर झाला, तर मुकी लेकरं उपाशी ठेवल्याबद्दल अर्जदारालाच ऐकून घ्यावे लागले.

आता तेवढेच भुंगे उरले आहेत. कीटकगृहाची ऊब मिळाली तर त्यांची वीण पुन्हा उभी राहील. उद्या तेथे औषध मारले तर त्यांना परत आणण्याची सोय राहणार नाही. तसे झाल्यास अर्जदाराला फार वाईट वाटेल. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नसल्याने सरळच लिहिले आहे.

तरी फवारणी थांबवावी, प्रमाणपत्र रद्द करावे आणि या कक्षात किडे असल्याची अधिकृत नोंद घ्यावी. विलंब झाल्यास भुंगे घरून सुटणे कठीण आहे. तेथे बारसे करून त्यांना नावे ठेवून झाली आहेत.

आपला, आणि तूर्त घरात भुंग्यांनंतरचा,
कीटकपालक, तळमजला
दिनांक : फवारणीचा आदला दिवस

सोबत :
(१) प्रमाणपत्र, चौकटीसह.
(२) पुडीत चिमूटभर भुसा. खोडकिडा लागला की बुंध्याशी असा भुसा पडतो. हा आपल्या खिडकीवर वाकलेल्या झाडाखालचा आहे.