एकशे चार कंपनं

मोंतेविदेओ, ११ मे १९९४

ती. ओल्गा आत्यास, सा. न.

बाबांना गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र पाठवून दीड महिना झाला. दर रविवारी सहाला मी फोन करते, तू उचलतेस, आणि बाबा रिसीव्हरवर नखानं दोनदा टकटक करतात. खुशाल आहेत एवढं कळतं. मला तेवढं पुरत नाही.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं. जीभ, ओठ, दात जागेवर आहेत. यंत्र कंप देतं, शब्द त्यांनी घडवायचे. माझ्या पदवीच्या जेवणाच्या कॅसेटवरून त्यांची पट्टी मोजली आणि यंत्र तिथंच लावलं: सेकंदाला एकशे चार कंपनं, एकाचाही फरक पडत नाही. मोजायला कॅसेट एकदा ऐकणं पुरेसं होतं. अजून लावते.

ते यंत्र का वापरत नाहीत, कळव. रागावू नकोस.

तुझी,
माइते


साल्तो, १९ मे १९९४

चि. माइते, पोटभर आशीर्वाद.

केवढं कोरडं पत्र गं! दुकानदाराला तक्रार लिहावी तसं. यंत्र ठणठणीत आहे. तू ते फार चांगलं लावलंस, हीच चूक.

क्लबात त्रुकोच्या पत्त्यांच्या डावाला बोली तोंडानंच लावायची, हातवारे चालत नाहीत. म्हणून ऑपरेशननंतर तुझा बाप पत्ते नुसते बघत बसायचा. यंत्र आलं तसा गेला आणि सलग सात डाव जिंकला. पत्ते भिकार असोत की हुकमी, आवाज एकच! समोर बसलेला निकासियो पत्ते आपटून म्हणाला, की हा एवारिस्तो आधी थाप मारायचा तेव्हा शेवटाला त्याचा आवाज हलायचा, म्हणून तर खेळायला मजा. आता ह्या फ्रिजशी कोण खेळणार? झालं, टेबलावर यंत्राला बंदी. घरात तरी वापर म्हटलं, तर पाटीवर लिहिलं, की फ्रिजच्या आवाजात मला पोरीशी बोलायचं नाही.

आता दवाखान्यातल्या बाईंकडे जातो. अन्ननलिकेत हवा घ्यायची, परत सोडायची, तिच्यावर शब्द बसवायचे. आधी नुसत्या ढेकरा, कुत्रं टेबलाखाली पळालं. पण शनिवारी भर क्लबात त्यानं त्रुको म्हणून बोली लावली. थाप होती, निकासियोनं तिथल्या तिथं पकडली. हरला, आणि घरी आला तो नाचतच.

पुढच्या रविवारी फोनवर तो स्वतः येणार आहे. हसू नकोस, आणि जेवत जा.

तुझी,
आत्या


मोंतेविदेओ, ३० मे १९९४

ती. बाबांस, सा. न.

काल तुम्ही फोनवर एकूण चौदा शब्द बोललात. दोन मला कळले नाहीत. आवाज जाड झालाय, बराच खाली गेलाय, दर दोन शब्दांनी थांबतो. माझं नाव तुम्हाला तीनदा घ्यावं लागलं. लाइन खराब होती असं मी सांगितलं, ते खरं नव्हतं. मला ओ देता येत नव्हती.

मग मी विचारलं, येऊ का. तुम्ही म्हणालात, काम सोडून यायची काही गरज नाही.

शेवटाला आवाज हलला, बाबा. शुक्रवारी सकाळच्या बसनं निघते.

तुमची,
माइते