टेकडीवरचं आमंत्रण

५ एप्रिल १९३८
आजपासून मी टेकडीवरचा माणूस. राहतो अजून खालीच, गॅसच्या टाकीशेजारी; पण मन वर गेलं. टेकडीवरच्या बंगल्यातल्या मिसेस लिव्हरिज यंदा क्लबात नाटक बसवताहेत आणि तालमीला आम्हा खालच्यांनाही बोलावलंय. कोट्यधीशाची पोर कफल्लक तरुणाच्या प्रेमात पडते, बाप थयथयाट करतो. बाप मीच. दुकानाच्या हातमोजे विभागात जन्म घालवून श्रीमंतांचे हात हाताळलेत, दुसऱ्या कोणाला जमणार? आणि एकदा त्यांच्या नाटकात शिरलो की पुढं त्यांच्या पंगतीत!

६ एप्रिल
संकल्प. नाकातून बोलायचं. कॉफी बशीत ओतायची नाही. बायकोला हाक मारायची नाही, नुसती भुवई उचलायची.
उचलली. वांडानं विचारलं, अहो, डोळ्यात काही गेलं का?

८ एप्रिल
नाटक वाचलं. तात्पर्य : कपड्यांवरून माणूस जोखू नये. अगदी भरून आलं. संध्याकाळी नवं डिनर जॅकेट घेतलं.

१२ एप्रिल, तालीम
गाडी सुरू होईना. मेहुणा काझिक कोळशाचा ट्रक चालवतो, त्यानं सोडलं. जॅकेटसाठी खाली वर्तमानपत्र पसरून बसलो.
वर सगळे जुनेरात! लिव्हरिजसाहेबांच्या स्वेटरला कोपरावर ठिगळ. अरेरे, मंदी टेकडीवरही पोचली तर. हळूच कानात सांगितलं, सर, हातमोजे लागले तर सवलतीत देईन. बराच वेळ हसत होते. आधार वाटला असणार.
तेवढ्यात काझिक आत आला, उत्तम खुर्ची बघून बसला, पाय टेबलावर टाकले, न विचारता सँडविच उचललं आणि मिसेस लिव्हरिजना म्हणाला, बाई, मोहरी आहे का हो? मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाई किंचाळल्या, अगदी माझे वडील!
बाप : काझिक.
मला बटलर. म्हणाल्या, तुमच्याइतकं सुरेख वाकणारं टेकडीवर कुणीच नाही. कुणीच नाही!

१३ एप्रिल
विचारांती बटलरच खरा महत्त्वाचा. पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर कोण? मी. वाक्य एकच, पण वजनदार : जेवण तयार आहे, मॅडम. दिवसभर घोकलं. वांडा म्हणाली, लग्न झाल्यापासून हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतेय.

१४ मे, प्रयोग
काझिक संवाद विसरला आणि तोंडाला येईल ते बोलला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी. ठीक आहे, हौशी लोकांना काय कळतं! माझं वाक्य मात्र सुईसारखं गेलं. नंतर मेजवानीत दाराशी उभा होतो, तर बायका कोट काढून माझ्या हातात द्यायला लागल्या. घेतले. किती हा विश्वास! परक्याच्या हाती कोणी मिंकच्या फरचा कोट सोपवतं का?

१६ मे
आलं! आमंत्रण आलं! मिसेस लिव्हरिजनी स्वतः फोन केला. शनिवारी घरी जेवण, तुमच्याशिवाय जमायचंच नाही म्हणाल्या. खुर्चीवर उभा राहून गाणं म्हटलं. मला पाच वाजता, काझिकला सात. उघड आहे, जवळच्या माणसांना आधी बोलावतात. वांडाला बोलावणं नाही. तिकडची पद्धत असेल. ती म्हणाली, नका ना जाऊ. जळते बिचारी.

२२ मे, रविवार
काल मागच्या दारानं आत घेतलं. म्हटलं, घरगुती वागणूक.
मग कोणीतरी पांढरे हातमोजे दिले. सुती, स्वस्तातले. मापाला बरोबर बसले.
मग ट्रे.
काझिक मिसेस लिव्हरिजच्या शेजारी बसला होता, स्वेटरमध्येच. मला बघून त्याचा काटा खाली पडला. ताडकन उभा राहिला, म्हणाला, दाजी, हे काय? बसा इथं माझ्या खुर्चीवर. लिव्हरिजसाहेबांनी विचारलं, तुम्ही ओळखता याला?
मी म्हणालो, मटार घेणार का, सर?
रीतीप्रमाणे डाव्या बाजूनंच वाढलं. ते मला येतं.
घरी वांडा ताट झाकून बसली होती. जेवलात का, म्हणाली. नुसती भुवई उचलायला गेलो.
अहो, डोळ्यात काही गेलं का?
हो, म्हटलं.