चर्चला आधी, बहिणीला मागाहून

साफोतू, सामोआ
४ ऑगस्ट २००३

चि. पेनिअमिना यास ताईचे रागासकट आशीर्वाद.

काल, रविवार ३ ऑगस्ट, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी फादरनी भर प्रार्थनेत सांगितलं की ऑकलंडला आपल्या पेनिअमिनाच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी मोकळी केली, देवाचे आभार माना. अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. मला सारं ठाऊक असल्यासारखी मी मान डोलावली. देवाच्या घरात खोटी मान!

आपल्यात भावाचा पहिला शब्द बहिणीला जातो. माझ्या आशीर्वादावाचून तू त्या टेबलावर झोपलास? काही झालं असतं तर? तुझ्या फिलोमेनाला फादरचा नंबर बरा सापडतो, नणंदेचा नाही! प्रकृती कशी आहे ते तरी कळव.

नाइलाजाने जीव लावणारी,
अकेनेसे


ऑकलंड
११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी हे, की मी बरा आहे. चार-चार गोळ्यांनी रक्तदाब उतरेना. डाव्या मूत्रपिंडाला रक्त नेणारी नळी चिंचोळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, उपाशी मूत्रपिंड रक्तदाब वाढवून बोंब मारतं आणि शेवटी सुकून जातं. म्हणून बारीक नळी आत सरकवून फुगा फुगवला, जाळी बसवली. पोट फाडलं नाही, मी जागाच होतो. दुसऱ्या दिवशी घरी. आता दोन गोळ्या बंद.

कळवलं नाही, कारण नळी घातली कुठून हे तू पहिल्यांदा विचारलं असतंस. ती जागा आपल्या रीतीत भावाने बहिणीपुढे कशी उच्चारावी? फोन उचलायचो आणि पुन्हा खाली ठेवायचो. फिलोमेना हसून लोळली. फादर काय, पुरुष माणूस, त्यांना सांगणं सोपं.

तुझ्या रागालाही प्रसाद मानणारा,
पेनिअमिना


साफोतू
१९ ऑगस्ट

चि. पेनिअमिना यास अ. आ.

पत्र वाचून रडले, हसले आणि पुन्हा चिडले. अरे गाढवा, जांघेतून! घे, लिहिला शब्द. छप्पर जागेवर आहे. नन्सच्या शाळेत सांगाड्याचं हाडन्‌हाड पाठ केलेल्या बाईपुढे तू लाजतोस? ही रीत बहिणीचा मान राखायला आहे, भावाला गुपचूप मरू द्यायला नाही. दुखण्यापुरती ही बंदी मी, तुझी थोरली बहीण, आजपासून उठवते. रात्री प्रथमच शांत झोपले.

पण डाव्याचं पुराण सांगितलंस, उजव्याबद्दल अक्षर नाही. ती नळी तपासली का? तिथेही काही आहे का? फिलोमेनाचा निरोप चालणार नाही, फादरचा तर नाहीच. तुझ्या हातचं उत्तर रविवार ३१ ऑगस्टच्या प्रार्थनेआधी माझ्या हाती पडलं पाहिजे.

वाट पाहणारी,
ताई